अयुथया: तटाच्या आत आणि बाहेर
तर मंडळी, अयुथया म्हटलं की पडके स्तूप आठवतात. पण 1351 मध्ये वसलेलं, नद्यांनी वेढलेलं हे शहर जगलं व्यापारावर. आता वस्त्या बघा. तटाच्या आत चिनी आणि मुसलमान व्यापाऱ्यांच्या पेठा. बाहेर, दक्षिणेला, चाओ फ्राया नदीच्या एका काठावर जपानी आणि डच, समोर पोर्तुगीज. आल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा घेतला, 1511 मध्ये मलाक्का, आणि लगेच इथे दूत पाठवला. इथली हरणांची कातडी डच जहाजांतून जपानला जात. 1767 मध्ये ब्रह्मी सैन्याने शहर जाळलं. पोर्तुगीज वस्तीत आज चर्चचा पाया दिसतो आणि तिथे पुरलेल्यांचे सांगाडेही. म्हणजे बघा, व्यापाराला आलेली कितीतरी माणसं परत गेलीच नाहीत, तिथलीच झाली.