शेगावची पालखी आणि टाळकऱ्याचं घर

आषाढी वारीबद्दल शहरातला माणूस हळवा होऊन बोलतो. बुलडाणा जिल्ह्यातल्या कास्तकाराची बायको त्याच वारीकडे बियाण्याच्या पिशव्या समोर ठेवून पाहते. तिचा हिशेब चूक नाही. शेगावहून पंढरपूरला जाणारी श्री गजानन महाराजांची पालखी एकादशीच्या महिनाभर आधी निघते. 2024 मध्ये ती 13 जूनला निघाली, 2025 मध्ये 2 जूनला. म्हणजे ऐन मृगाच्या सुमारास. सोयाबीन, तूर, कपाशी यांची पेरणी अंगावर आलेली, आभाळाकडे सगळ्यांचे डोळे लागलेले, आणि घरातला कर्ता माणूस टाळाची दोरी बदलत बसलेला. तो परत येणार दोन महिन्यांनी. तोवर पेरणी झाली, डवरणी झाली, निंदणाचे पहिले फेर झाले.

"तुमी चाल्ले टाळ कुटाले, अन् वावर कोन पायन?" हा प्रश्न या जिल्ह्यात जुना आहे. त्यावर "पांडुरंग पायन" असं उत्तर देऊन चालत नाही. पांडुरंग तण काढत नाही, हे विचारणारीला ठाऊक असतं. मग भाऊ, साळा किंवा ठोक्यानं वावर करणारा शोधला जातो. ज्याचा मुलगा हाताशी आला त्याचं जमतं, बाकीच्यांची ओढाताण होते.

वर्तमानपत्रांत दरवर्षी पालखीच्या प्रस्थानाची बातमी येते. किती वारकरी, किती मुक्काम, किती किलोमीटर. आकडे खरे असतात. पण ज्या घरातून टाळकरी गेला त्या घराची बातमी कधी येत नाही, आणि माझ्या मते या पालखीच्या वाटचालीतला कळीचा भाग तिथेच आहे.

त्या घराकडे वळण्याआधी, ही पालखी काढणाऱ्या शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर असा. गजानन महाराज शेगावात प्रकट झाले ती तारीख 23 फेब्रुवारी 1878. त्यांच्या हयातीतच, 12 सप्टेंबर 1908 ला, संस्थानाची स्थापना झाली. 8 सप्टेंबर 1910 ला, ऋषिपंचमीच्या दिवशी, महाराज समाधिस्थ झाले. त्याआधी आपले भक्त हरी पाटील यांना सोबत घेऊन ते पंढरपूरला गेले आणि विठ्ठलाकडे निरोप मागितला, असं दासगणूंच्या 'श्री गजानन विजय' ग्रंथात आलं आहे. शेगाव आणि पंढरपूर यांचं नातं असं मुळातच जोडलेलं. पायी पालखी मात्र बरीच उशिरा, 1960 चं दशक संपता संपता सुरू झाली. 2025 हे तिचं 56 वं वर्ष. 2020 आणि 2021 ही करोनाची दोन वर्षं पायी वारी झाली नाही, म्हणून मोजणीत ती धरत नाहीत.

वऱ्हाडात भजनाचा नाद त्याआधीही होताच. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर गावंच्या गावं बसवली होती. 1968 मध्ये ते गेले, तोवर भजनी मंडळ नाही असं गाव सापडणं अवघड झालं होतं. पण खंजिरी एकाच्या हातात असते आणि बाकीचे साथ देतात. वारकरी भजनाची बांधणी वेगळी. तिथे टाळकरी समोरासमोर रांगा धरतात, मृदंगी मध्ये राहतो, वीणेकरी उभा असतो आणि वीणा खाली ठेवायची नसते. माउलींच्या पालखीला एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी जी शिस्त लावली, तिचाच हा वारसा.

या रांगेचं वेड कसं लागतं ते बाहेरच्याला सांगताना सगळ्यांची अडचण होते, कारण सांगणारा थेट विठ्ठलावर जातो आणि ऐकणारा मान डोलावून गप्प होतो. हातातल्या वस्तूपासून सुरुवात केलेली बरी.

टाळ दिसायला सोपा. काशाच्या दोन वाट्या, मधल्या भोकातून ओवलेली दोरी, आतून मारलेली गाठ. नवशिका वाट्या एकमेकींवर सपाट आदळतो आणि आवाज जागीच मरतो. कडेला कड किंचित तिरपी लागली पाहिजे आणि लागताक्षणी सुटली पाहिजे, तेव्हा नाद लांबतो. मंदिरात तासभर बसून हे जमवणं वेगळं आणि डांबरी रस्त्यावर उन्हात चालताना, पावली टाकताना, तोंडाने अभंगाचं चरण म्हणत जमवणं वेगळं. दोरी बोटात रुतते, म्हणून तिथे चिंधी गुंडाळतात. रांगेतल्या एकाचा ठोका निसटला तर लांबून ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही, शेजारच्याला मात्र लगेच कळतं. तो काही बोलत नाही. स्वतःचा टाळ जरा ठळक करतो, आणि चुकलेला त्याला धरून परत येतो.

मृदंगाचं काम आणखी किचकट. उजव्या पुडीवरची शाई कायमची असते, पण डाव्या अंगाला, धुमेला, दरवेळी ओली कणीक थापावी लागते. कणीक जास्त झाली तर आवाज बसतो, कमी झाली तर पोकळ येतो, आणि वाळत चालली की पाण्याचा हात लावावा लागतो. भजन संपलं की ती खरवडून काढायची. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं, मग वाद्यांखालचे गट्टे हातोडीने ठोकून ताण वाढवायचा. पालखीचा काळ म्हणजे नेमका पावसाचा काळ. आभाळ भरून आलं की मृदंगी स्वतःआधी मृदंग झाकतो. घरच्यांना याचाच राग येतो: "इतकी काळजी बैलाची घेतली असती तं!"

आता संस्थानाने काय केलं ते पाहू. संस्थानाने गावोगावच्या भजनी मंडळांना साहित्य दिलं. टाळ, मृदंग, वीणा, पताका, आणि सोबत ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत, तुकोबांची गाथा. शेगावला वारकरी शिक्षणाची सोय केली. जोग महाराजांनी 1917 मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली होती, पण वऱ्हाडातल्या पोराला आळंदी लांब पडते. शेगावात शिकून तो गावी परतला की मंडळाला चाल सांगणारा, मृदंगावर हात बसवून देणारा माणूस मिळतो. पालखीत रांग दिसते ती अशी आधी गावात तयार झालेली असते. हे काम बातमीत येण्याजोगं नाही आणि मला तेच सगळ्यात मोठं वाटतं.

दुसरं काम शिस्तीचं. शिवशंकरभाऊ पाटलांच्या कारभारात शेगावचं संस्थान स्वच्छता आणि नियमासाठी महाराष्ट्रभर नावाजलं गेलं. सेवाधारी बिनपगारी, पाळीपाळीने येणारे. मंदिराची फरशी पुसणारा गावी सरपंच असू शकतो. 4 ऑगस्ट 2021 ला भाऊ गेले, पण बसवलेली घडी मोडली नाही. तीच घडी पालखीलाही आहे. सुमारे 700 वारकरी, पांढरा पोशाख, ठरलेल्या रांगा, ठरलेले मुक्काम, सोबत औषधोपचाराची सोय. अकोला, पातूर, रिसोड, औंढा नागनाथ, परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा अशी सुमारे 750 किलोमीटरची वाट 33 दिवसांत चालायची.

या शिस्तीचा परिणाम टाळकऱ्याच्या घरावर झाला. गावच्या पारावर रात्री टाळ वाजवत बसणारा माणूस घरच्यांना रिकामटेकडा वाटतो. तोच शेगावच्या पालखीत चालू लागला की सोयऱ्याधायऱ्यांत त्याचं नाव होतं. पोरीच्या सोयरिकीत "बाप शेगावच्या वारीत चालते" हे वाक्य चालतं, कारण ऐकणाऱ्याला त्यातून माळ, निर्व्यसनीपणा आणि वेळेची चाड एवढं सगळं कळतं. वेड तेच राहिलं, पण त्याला घर आणि गाव दोघांनी मान्य करावं असं ठिकाण संस्थानाने दिलं. मला वाटतं, घरच्यांना समजावण्याचं काम कुठल्याही टाळकऱ्यापेक्षा संस्थानानेच जास्त केलं.

अमेरिकेत या वेडाचं एक चुलत भावंड आहे. तिथे तरुण पोरं उन्हाळाभर ड्रम आणि पितळी वाद्यं घेऊन पथकात फिरतात. त्याला ड्रम कोअर म्हणतात. या पथकांची मुळं माजी सैनिकांच्या संघटनांत आहेत, आणि देशपातळीवरची त्यांची मोठी स्पर्धा 1972 पासून भरते. पोरं शाळांच्या व्यायामशाळांत जमिनीवर झोपतात, दिवसभर मैदानात एकेक पाऊल मोजून बसवतात, रात्री कार्यक्रम करून बसने पुढच्या गावी जातात. वरून हजारो डॉलर फी भरतात. त्यांच्या आईबापांचाही प्रश्न तोच: एवढं करून मिळतं काय? फरक दोन. तिथे बावीस वर्षांचा झाला की पोरगा बाहेर, इथे पांढऱ्या मिशांचा माणूस रांगेत असतो. आणि तिथे शेवटी गुण मिळतात, पहिला-दुसरा ठरतो. शेगावच्या रांगेला कोणी गुण देत नाही. म्हणूनच इथल्या टाळकऱ्याला घरी दाखवायला चषक नसतो आणि समजावणं जास्त जड जातं.

सगळंच गोड आहे असं म्हणणार नाही. ज्या घरात पुरुष एकच, जमीन कोरडवाहू, पाऊस लांबलेला, तिथे त्याच्या दोन महिन्यांचा भार बायकोच्या अंगावर पडतो, आणि वारीचं पुण्य सांगताना तिचं नाव कोणी घेत नाही. दुबार पेरणीची वेळ आली तर निर्णय तिनेच घ्यायचा, कृषी केंद्रावर उधारीची बोलणी तिनेच करायची. टाळकऱ्याच्या सत्कारात एक नारळ तिच्या हाती द्यायला हरकत नाही. गावोगावच्या भजनी मंडळांनी हे मनावर घ्यावं.

पालखी गुरुपौर्णिमेला पंढरपूर सोडते. परतीची वाट वेगळी आहे. जालन्याकडून ती सिंदखेडराजात येते आणि तिथून पुढे बुलडाणा जिल्ह्यातच चालते. मेहकर, जानेफळ, मग खामगाव. शेवटच्या दिवशी खामगाव ते शेगाव या सतरा-अठरा किलोमीटरच्या रस्त्यावर एवढी माणसं लोटतात की टाळ ऐकू येणं सोडाच, रांगही नीट दिसत नाही. त्या दिवशी जाऊन कोणाला काही कळणार नाही.

तुमच्या घरात असा एखादा टाळकरी असेल आणि त्याचं वेड समजून घ्यायचं असेल तर खामगावची वाट पाहू नका. दोन-चार मुक्काम आधी, मेहकरच्या बाजूला कुठेतरी सकाळी लवकर रस्त्यालगत उभे राहा. गर्दी कमी असते, आणि जाऊन-येऊन हजारावर किलोमीटर चाललेली रांग तोवर अशी बसलेली असते की शेकडो टाळ एकाच वेळी लागतात आणि एकाच वेळी सुटतात. पोरांना सोबत न्या. निंदण एक दिवस थांबलं तरी चालेल.