दारावरचें तोरण

दसऱ्याच्या दिवशीं मराठी घरांतील सकाळची पहिली लगबग दाराशीं चालते. उंबरठा धुतला जातो, रांगोळी पडते आणि चौकटीवर आंब्याच्या पानांचें व झेंडूच्या फुलांचें तोरण चढतें. पवनेच्या कांठचें रावेत हें एके काळचें शेतकऱ्यांचें गांव. १९९७ सालीं तें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत आलें आणि आतां तेथें उंच इमारतींची दाटी झाली आहे. अंगण गेलें, ओसरी गेली, बांधावरचा आंबा दूर राहिला. तरी दहाव्या मजल्यावरच्या दारालाही तोरण लागतेंच. जिचें आयुष्य चार दिवसांचें, ती वस्तु शेंकडों वर्षें टिकली कशी, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

‘तोरण’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ कमानदार द्वार असा आहे. सांचीच्या मोठ्या स्तूपाचीं चार तोरणें सर्वप्रसिद्ध आहेत: दोन उंच खांब आणि त्यांवर तीन बांकदार तुळया. दक्षिणेकडील तोरणावर सातकर्णि राजाच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीचा पुत्र आनंद, याच्या दानाचा लेख आहे. विदिशेच्या हस्तिदंती कारागिरांच्या कामाचाही उल्लेख तेथेंच सांपडतो. घडण दगडाची, पण जोडणीची रीत लांकडाची. हीच गोष्ट रावेतच्या वरच्या अंगास, पवनेच्या खोऱ्यांतील बेडसें येथील लेण्यांत दिसते. तेथील कमानी आणि कठडे कातळांत कोरलेले आहेत, पण ते सुताराच्या हातचे वाटतात.

दारावरच्या माळेला संस्कृतांत निराळें नांव होतें: वंदनमालिका. हिंदींतील ‘बंदनवार’ तिचाच वारस. अमरुशतकांतील एक नायिका प्रियकराच्या स्वागतासाठीं नीलकमळांऐवजीं आपल्या दृष्टीचीच वंदनमालिका रचते. ही कल्पना रुचावी, इतकी ती चाल वाचकांच्या परिचयाची होती. मराठींत मात्र द्वाराचेंच नांव माळेला मिळालें, आणि पुढें माळेवरून ‘तोरण बांधणें’ म्हणजे शुभारंभ करणें असा वाक्प्रचार रूढ झाला.

या वाक्प्रचारानें इतिहासांत थोडा घोंटाळाही केला आहे. शिवाजीमहाराजांनीं १६४६ च्या सुमारास तोरणा किल्ला घेऊन स्वराज्याचें तोरण बांधलें, म्हणून गडाचें नांव तोरणा पडलें, असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक महाराजांनीं गडाला दिलेलें नांव प्रचंडगड. तोरणा हें नांव तेथील तोरण नांवाच्या रानझाडांवरून पडलें, असें सांगतात. वाक्प्रचार आणि गड यांची गांठ लोकांच्या मनानें घातली.

आजच्या तोरणांतील झेंडूही मूळचा येथला नव्हे. ही वनस्पति मेक्सिकोची. युरोपीयांनीं अमेरिकेची वाट शोधल्यानंतरच ती समुद्रमार्गें या देशांत येऊं शकली. त्यापूर्वींच्या दसऱ्याला झेंडू असणें शक्य नव्हतें. मेक्सिकोंत हेंच फूल मृतांच्या स्मरणदिनीं वाहतात, आणि महाराष्ट्रांत तेंच मंगल द्वाराचें भूषण झालें. परंपरेनें परक्या फुलास आपलेंसें केलें, आणि आंब्याचें पान मात्र सोडलें नाहीं.

त्या पानाची निवड व्यवहाराचीही आहे. आंबा सदाहरित, गुढीपाडवा असो, दसरा असो, वास्तुशांति असो, पानें मिळणारच. पान चिवट असल्यानें दुमडतांना फाटत नाहीं आणि लवकर कोमेजत नाहीं. तोडलेलें पान घरांतील हवा शुद्ध करतें, असें हल्लीं सांगितलें जातें, त्यांत फारसें तथ्य नाहीं. पण त्या कारणाची तोरणाला गरजही नाहीं.

तोरण करण्याची रीत सोपी, पण ती हातालाच समजते. तांबूस कोंवळीं पानें घेऊं नयेत, तीं आधीं मान टाकतात. जून, फाटकीं पानेंही नकोत. गर्द हिरवीं, सारख्या लांबीचीं पानें ओल्या फडक्यानें पुसावीं. चौकटीहून वीतभर लांब सुतळी ताणून बांधावी. पानाचा देंठ सुतळीवरून मागें वळवून त्याचें टोंक पानांतच टोंचावें, म्हणजे वेगळ्या गांठीची गरज पडत नाहीं. दोन पानांमध्यें झेंडूचें एकेक फूल दाभणानें ओंवावें. मावळांत व कोंकणांत नवें पीक आलें कीं भाताच्या लोंब्याही तोरणांत येतात. मग दारावर शेताचीच वार्ता लागते.

बाजारांत आतां प्लास्टिकचीं व कापडाचीं तोरणें मिळतात. तीं वर्षभर टांगलेलीं राहतात आणि कोणाची अडचण करीत नाहींत. परंतु जें सुकत नाहीं, तें पुन्हां करावें लागत नाहीं. आणि जें करावें लागत नाहीं, तें मुलांना शिकविण्याचा प्रसंगच येत नाहीं. सांचीचें तोरण दगडामुळें राहिलें. दारावरचें तोरण दर सणाला कोणीतरी सुतळी घेऊन बसलें म्हणून राहिलें. रावेतसारख्या वसाहतींच्या आवारांत शोभेच्या झाडांबरोबर एखादा आंबा लावण्यास फार जागा लागत नाहीं. त्याला मोहोर येण्याच्या पुष्कळ आधीं त्याचीं पानें दाराला पुरतील.