पडद्यावरील पहिली तारामती

खानदेशांतील एरंडोल म्हणजेच महाभारतांतील एकचक्रा नगरी, असें तेथील लोकपरंपरा सांगते. पांडव त्या नगरींत ब्राह्मणवेषानें राहिले. लोकांनीं वेष पाहिला, माणसें ओळखलीं नाहींत. भारतीय मूकपटाच्या आरंभीं एका नटाच्या वांट्यास असेंच भाग्य आलें. त्यांचें नांव अण्णा हरि साळुंके.

१९१२ सालीं दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' च्या तयारीस लागले, तेव्हां तारामतीच्या भूमिकेसाठीं त्यांना स्त्री मिळेना. रंगभूमीवर त्या काळीं बहुधा पुरुषच स्त्रीभूमिका करीत. पडद्यावर दिसणें कुलीन घरांत तर निंद्य मानीतच, पण नाचगाण्यावर उपजीविका करणाऱ्या स्त्रियांनींही नकार दिला. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहांत फाळक्यांची दृष्टि साळुंके यांच्यावर गेली. देह सडपातळ, हात नाजुक. तेथें त्यांना दरमहा १० रुपये मिळत. फाळक्यांनीं १५ देऊं केले. ५ रुपयांच्या वाढींत बोलपटपूर्व काळाला पहिली नायिका लाभली! ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन चित्रपटगृहांत दत्तात्रय दाबके यांचा हरिश्चंद्र आणि साळुंके यांची तारामती मुंबईकरांनीं पाहिली.

त्याच सुमारास बालगंधर्व आपल्या गळ्यानें महाराष्ट्रास वेड लावीत होते. साळुंके यांच्यापाशीं तें साधन नव्हतें. मूकपटांत गाणें नाहीं, संवाद नाहीं. राणीचें सारें दुःख मान, डोळे आणि हात यांनींच सांगावयाचें.

पुढें 'मोहिनी भस्मासुर' मध्यें दुर्गाबाई कामत आणि त्यांच्या कन्या कमळाबाई पडद्यावर आल्या व स्त्रियांची वाट मोकळी होऊं लागली. तरीही १९१७ च्या 'लंकादहन' मध्यें सीता साळुंकेच झाले, आणि रामही तेच! सीताहरणानंतर दोघांचा विरह असल्यानें ही युक्ति साधली. पडद्यावर राम दिसतांच प्रेक्षक पायांतील जोडे काढीत, असें सांगतात. तो नमस्कार रामास होता. नट त्या वेषाआड राहिला.

नंतर साळुंके छायाचित्रणाकडे वळले. १४ मार्च १९३१ रोजीं 'आलम आरा' झळकला आणि मूकपटाचें युग मावळूं लागलें. 'लंकादहन' चे आज कांहीं तुकडेच उरले आहेत. 'राजा हरिश्चंद्र' चा उरलेला भाग १९१३ चा कीं १९१७ च्या नव्या आवृत्तीचा, याविषयीं मतभेद आहे. देशानें जिला पहिली नायिका म्हणून पाहिलें, तिची स्मृति एवढ्याशा फितींत सामावली आहे. ती जपणें हेंच त्या नटाचें ऋण फेडणें होय.