महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील गैरव्यवहार (अमेरिका)

अमेरिकेतील विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या बास्केटबॉल संघांभोवती वारंवार उघडकीस आलेले आर्थिक गैरप्रकार. त्यांचे ढोबळमानाने दोन भाग पडतात : सट्टेबाजांकडून पैसे घेऊन सामन्यातील गुणफरक ठरवून देणे आणि गुणवान शालेय खेळाडू आपल्या संघात यावा म्हणून त्याला किंवा त्याच्या घरच्यांना गुपचूप पैसे देणे. पहिला प्रकार फौजदारी गुन्हा ठरला. दुसरा दीर्घकाळ केवळ एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या (स्थापना १९०६) नियमांचा भंग मानला जाई. २०१७ नंतर त्यावरही खटले चालले.

पार्श्वभूमी : जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ सुरू केला. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १९३४ पासून एकाच संध्याकाळी दोन महाविद्यालयीन सामने होऊ लागले आणि प्रेक्षकांबरोबर सट्टेबाजांचीही गर्दी वाढली. खेळाडू मात्र हौशी मानले जात. शिक्षणशुल्क, निवास व भोजन यांपलीकडे त्यांना काही घेण्याची मुभा नव्हती. एनसीएएच्या पुरुषांच्या स्पर्धेचे प्रक्षेपणहक्क २०१० मध्ये १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरना विकले गेले, तेव्हाही हा नियम कायम होता.

गुणफरकाचा सट्टा : यात पैज कोण जिंकणार यावर लागत नाही, किती गुणांनी जिंकणार यावर लागते. एखादा संघ १० गुणांनी जिंकेल असा बुकींचा अंदाज असेल आणि तो ६ गुणांनीच जिंकला, तर त्याच्यावर पैसे लावणारे हरतात. त्यामुळे फितूर खेळाडूला सामना हरावा लागत नाही. एखादी फेक चुकवणे, बचावात पाऊलभर मागे राहणे एवढे पुरते. मैदानावर एका बाजूला पाचच खेळाडू असल्याने एक-दोघे फुटले तरी काम भागते. हरण्यापेक्षा हे पाप लहान, अशी समजूत घालून मुलांना यात ओढले जाई.

१९५१ चे प्रकरण : या विषयातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण. न्यूयॉर्कमधील सिटी कॉलेज (सीसीएनवाय) ही शहराच्या खर्चाने चालणारी, गरीब घरांतील मुलांना विनाशुल्क शिकवणारी संस्था. प्रशिक्षक नॅट होल्मन यांच्या ज्यू व कृष्णवर्णीय खेळाडूंनी भरलेल्या संघाने १९५० मध्ये एनआयटी व एनसीएए या दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या. एकाच वर्षी दोन्ही जिंकणारा दुसरा संघ झालेला नाही. जानेवारी १९५१ मध्ये मॅनहॅटन कॉलेजच्या ज्युनियस केलॉग या खेळाडूला डीपॉल विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात गुणफरक ठरवून देण्यासाठी १,००० डॉलर देऊ करण्यात आले. केलॉग हा त्या महाविद्यालयाच्या संघातील पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्याने नकार दिला आणि सरळ प्रशिक्षकांना सांगितले. त्यातून सरकारी वकील फ्रँक होगन यांच्या तपासाला धागा मिळाला. १८ फेब्रुवारी रोजी टेम्पल विद्यापीठाला हरवून फिलाडेल्फियाहून परतणाऱ्या सिटी कॉलेजच्या खेळाडूंना पोलिसांनी गाठले. एड वॉर्नर, एड रोमन व अल रॉथ यांना अटक झाली. पुढे विजेत्या संघातील पहिले पाचही खेळाडू गुंतलेले निघाले. मुख्य सूत्रधार साल्व्हातोरे सोलाझो हा जवाहिऱ्या होता. त्याला ८ ते १६ वर्षांची शिक्षा झाली. सात महाविद्यालयांतील तीसहून अधिक खेळाडूंची नावे पुढे आली. सिटी कॉलेजने खेळाडूंना प्रवेश देण्यासाठी शालेय गुणपत्रिकांत फेरफार केल्याचेही चौकशीत दिसले. म्हणजे सट्ट्याच्या आधी भरतीतच लबाडी झाली होती.

याच प्रकरणात केंटकी विद्यापीठाचे अ‍ॅलेक्स ग्रोझा व राल्फ बिअर्ड यांना एनबीए या व्यावसायिक संघटनेने कायमचे बाद केले. केंटकीचा १९५२–५३ चा हंगाम रद्द झाला. लाँग आयलंड विद्यापीठाच्या शर्मन व्हाइटला तुरुंगवास भोगावा लागला व एनबीएची दारे बंद झाली. केलॉग १९५४ मध्ये मोटार-अपघातात अपंग झाला. पुढे त्याने चाकाच्या खुर्चीवरील बास्केटबॉलचे प्रशिक्षण दिले.

नंतरची सट्टाप्रकरणे : १९६१ च्या प्रकरणाचा सूत्रधार कोलंबिया विद्यापीठाचा माजी खेळाडू जॅक मोलिनास. याच चौकशीत कॉनी हॉकिन्स या तरुणावर आरोपपत्र नसतानाही त्याचे विद्यापीठ सुटले आणि एनबीएने त्याला दूर ठेवले. १९६९ मध्ये तडजोड होऊन तो एनबीएत उतरू शकला. पुढे बॉस्टन कॉलेज (१९७८–७९) येथे असेच प्रकरण घडले. तुलेन विद्यापीठातही (१९८५) ते घडले व तेथील संघ काही वर्षे बंद राहिला.

खेळाडूभरती : १९८८ मध्ये केंटकीहून लॉस एंजेलिसला एका होतकरू खेळाडूच्या वडिलांच्या नावे निघालेले कुरिअरचे पाकीट वाटेत उघडले आणि आत १,००० डॉलर आढळले. पैसे कोणी ठेवले याविषयी मतभेद आहेत. पुढील वर्षी केंटकी विद्यापीठावर निर्बंध आले. मिशिगन विद्यापीठाच्या प्रकरणात एड मार्टिन या चाहत्याने चार खेळाडूंना मिळून ६,१६,००० डॉलर दिल्याचे तपासात निघाले. विद्यापीठाने २००२ मध्ये १९९२ व १९९३ मध्ये अंतिम चार संघांत पोचल्याचे ध्वज उतरवले.

२०१७ चे खटले : २६ सप्टेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या संघीय वकिलांनी दहा जणांवर आरोप जाहीर केले. ऑबर्न, ओक्लाहोमा स्टेट, अ‍ॅरिझोना व सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांचे चार सहायक प्रशिक्षक त्यांत होते. आदिदासचे अधिकारी जेम्स गॅटो, कंपनीशी संबंधित मर्ल कोड आणि होतकरू दलाल ख्रिश्चन डॉकिन्स यांच्यावर आदिदास पुरस्कृत संघांकडे खेळाडू वळवण्यासाठी कुटुंबांना पैसे पोचवल्याचा आरोप होता. त्यांपैकी लुईव्हिलच्या एका खेळाडूच्या कुटुंबासाठी ठरलेली रक्कम होती १,००,००० डॉलर. लुईव्हिलने प्रशिक्षक रिक पिटिनो यांना काढले. आपल्याला याची कल्पना नव्हती, असे त्यांचे म्हणणे. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिघे दोषी ठरले. गॅटोला नऊ, इतर दोघांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. सरकार पक्षाची मांडणी लक्षणीय होती : अपात्र ठरणाऱ्या खेळाडूला नकळत शिष्यवृत्ती देणारी विद्यापीठे ही फसवणुकीची बळी. ऑबर्नचे चक पर्सन यांनी ९१,५०० डॉलर घेतल्याचे मान्य केले. त्यांना तुरुंगवास झाला नाही.

सुधारणा : माजी परराष्ट्रमंत्री काँडोलिझा राइस यांच्या समितीने महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील सुधारणांविषयी अहवाल दिला (२०१८). सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात शिक्षणाशी निगडित लाभांवरील एनसीएएची बंधने बेकायदा ठरवली (जून २०२१, ९–०). १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या व छबीच्या जाहिरातीतून उत्पन्न घेण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार विद्यापीठे आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात.

मूल्यमापन : १९५१ मध्ये सर्वाधिक किंमत विशीतल्या मुलांनी मोजली, २०१७ मध्ये दलाल व सहायक प्रशिक्षकांनी. २०१७ च्या खटल्यांत एकाही मुख्य प्रशिक्षकावर वा विद्यापीठावर आरोप ठेवला गेला नाही. ज्या देवघेवीसाठी डॉकिन्स तुरुंगात गेला, तशी देवघेव आज करारावर सही करून उघडपणे होते. सट्टा हा खेळाचा घात आहे, त्याला क्षमा नाही. परंतु भरतीतील पैशाला गुन्हा ठरवणारा नियम मुळातच अन्यायाचा होता.