शिवेपलीकडची खबर

बार्शी ते धाराशिव हे अंतर जेमतेम चाळीस किलोमीटरचे. पण 1948 पर्यंत या चाळीस किलोमीटरमध्ये एक सरहद्द होती. बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, सोलापूर जिल्ह्यात; धाराशिव निजामाच्या हैदराबाद संस्थानात. शेळ्या-बैलांना या सरहद्दीशी देणेघेणे नव्हते. बाजाराला निघालेले कळप ती रोज ओलांडत होते आणि 1911 साली बार्शी लाइट रेल्वे येडशीवरून लातूरपर्यंत पोचल्यावर ही ये-जा आणखी वाढली. जनावराबरोबर त्याचा आजारही पलीकडे जायचा. अडायची ती खबर. बार्शीकडचा सरकारी कागद पुण्या-मुंबईला जाई, धाराशिवकडचा हैदराबादला. शेजारच्या तालुक्यात जनावरे मरत आहेत हे शेजारच्याच तालुक्याला सरकारी वाटेने कळण्याची काही सोय नव्हती.

धाराशिव जिल्ह्यातल्या जनावरांच्या डॉक्टरकीचा इतिहास दवाखान्यांच्या आकड्यांतून सांगता येईल. पण तो खबरीच्या वाटांवरून जास्त खरा कळतो. खबर वरच्या साहेबाकडे कशी चढली, हे प्रत्येक काळात सापडते. ती एका डॉक्टरकडून दुसऱ्या डॉक्टरकडे आडवी आणि वेळेत कधी जाऊ लागली, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर अगदी अलीकडच्या काळात मिळते.

डॉक्टर येण्याआधी गावाकडे जाणते लोक होते. घोड्यांसाठी सालोत्री, मेंढ्या-शेळ्यांसाठी धनगरांतले जुने हात, आणि लंगड्या बैलाला डाग देणारा कुणी ना कुणी प्रत्येक गावात. साथ आली की मरीआईचा गाडा सजवून गावाच्या शिवेवर नेऊन सोडायची प्रथा दख्खनभर होती. तिच्याकडे केवळ भाबडेपणा म्हणून पाहिले, तर एक गोष्ट निसटते. शिवेवर गाडा दिसला की पुढचे गाव समजून घ्यायचे, की शेजारी रोग आला आहे. त्या काळातली ही आडवी जाणारी खबर होती.

सरकारी पशुवैद्यकाची सुरुवात लष्कराच्या घोड्यांपासून झाली. 1862 साली पुण्यात लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली. पुढे जे. एच. बी. हॅलन यांच्या नेतृत्वाखालील आयोगाने देशभरातल्या गुरांच्या साथींची पाहणी केली आणि 1871 मध्ये अहवाल दिला. या साथींमध्ये सगळ्यांत भयंकर होती ती बुळकांडी. ताप, तोंडात फोड, पाण्यासारखी हगवण आणि आठवड्याभरात मरण. 1886 मध्ये मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. सर दिनशा माणेकजी पेटिट यांची देणगी त्यामागे होती आणि पहिले प्राचार्य होते जे. एच. स्टील. हिंदुस्थानात विखुरलेल्या पशुवैद्यांनी आपापले रोगी एकमेकांना कळवावेत म्हणून स्टील यांनी फ्रेडरिक स्मिथ यांच्याबरोबर एक त्रैमासिक काढले होते, हे त्यांचे काम आज फारसे कुणाला आठवत नाही. कुणी सीमेवरच्या छावणीतून उंटाच्या आजाराबद्दल लिहिले, तर ते मद्रासकडच्या माणसाला वाचायला मिळे. बातमी पोचायला महिने लागत, पण ती बरोबरीच्या माणसाकडून बरोबरीच्या माणसाला पोचे. 1924 मध्ये मद्रासहून सुरू झालेल्या ‘इंडियन व्हेटर्नरी जर्नल’ने हेच काम भारतीय पशुवैद्यांसाठी हाती घेतले.

प्रयोगशाळेचीही सुरुवात पुण्यातच झाली. 1889 मध्ये डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड यांच्या हाताखाली पुण्यात जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा उभी राहिली. घातक जंतू भरवस्तीत ठेवणे धोक्याचे, म्हणून 1893 मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. तिथेच 1920 च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमधून पुन्हा पुन्हा नेऊन सौम्य केला आणि त्यातून गुरांसाठी लस मिळाली. गाईबैलांना वाचवणारी ती लस शेळीच्या अंगातून आलेली होती. शेळीवर जगणाऱ्या जिल्ह्याने तरी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

धाराशिवच्या जुन्या उस्मानाबाद या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी हे या मुलखाचे खरे धन. काळी कुळकुळीत, लांब कानांची, कमी पाण्यावर आणि झाडपाल्यावर तग धरणारी, बहुधा जुळी करडे देणारी. धाराशिव, लातूर, सोलापूर, अहिल्यानगर हा तिचा पट्टा. पाऊस दगा देतो, सोयाबीन जाते, तुरीचा भाव पडतो. अशा वेळी दोन बोकड विकून मुलीच्या शाळेचा खर्च निघतो. तुळजापूर तालुक्यात तीर्थ येथे शेळी-मेंढी महामंडळाचे प्रक्षेत्र आहे, आणि या जातीच्या सुधारणेचे मोठे काम फलटणच्या निंबकर संस्थेतून झाले. पण शेळी ही गरिबाची गाय असल्याने तिचा आजार फार काळ कुणाच्या कागदावर आलाच नाही. सरकारी डॉक्टरकीचा सगळा जोर गाय, बैल आणि म्हशीवर राहिला.

संस्थान गेले. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगावचे जनावरांचे दवाखाने त्यांच्याकडे गेले. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या इथल्या मुलाची वाटही बदलत गेली. आधी हैदराबाद, मग मुंबई किंवा नागपूर, 1972 नंतर परभणी आणि 1987 पासून उदगीर. उदगीरचे महाविद्यालय या पट्ट्यासाठी फार मोलाचे ठरले. एकाच वसतिगृहात राहिलेली मुले पुढे उमरगा, निलंगा, देवणी, परंडा अशा ठिकाणी नेमणुकीला गेली. अडले की फोन कुणाला करायचा, हे त्यांना आधीच ठाऊक होते. पुढे मोबाइलवर जे गट तयार झाले, त्यांची पहिली यादी वर्गाच्या हजेरीपटातूनच आली.

तोवर मात्र खबर वरच चढत राहिली. दवाखान्यात एक नोंदवही, महिन्याला एक अहवाल, साथ आली तर तातडीचे पत्र. घटसर्प, फऱ्या, लाळ्या खुरकूत, काळपुळी यांचे आकडे पंचायत समितीकडून जिल्ह्याला आणि तिथून पुण्याला जात. रक्ताचा किंवा लाळेचा नमुना बर्फ घातलेल्या थर्मासमधून औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवावा लागे. निकाल येईपर्यंत जनावर एक तर बरे झालेले असे, किंवा मेलेले. शेजारच्या दवाखान्यात त्याच आठवड्यात तीच लक्षणे दिसली होती का, हे डॉक्टरला कळायचे ते तालुक्याच्या बैठकीत, चहा पिताना.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली, त्याबरोबर 15 हजारांहून अधिक जनावरे गेली. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद हे दोन्ही जिल्हे ढिगाऱ्यांत होते. त्या दिवसांत जिवंत जनावरांना चारा-पाणी, जखमींना उपचार आणि मेलेल्यांची विल्हेवाट ही कामे कुणीतरी केलीच. बातम्यांत त्यांना जागा मिळाली नाही.

बुळकांडीचा शेवट हा या सगळ्या कागदी व्यवस्थेचा विजयच म्हणायला हवा. 1954 मध्ये देशभर मोहीम सुरू झाली. शेवटी लस टोचण्यापेक्षा रोग शोधण्यावर भर आला, म्हणजे गावोगाव जाऊन विचारायचे, की तोंडात फोड आणि हगवण असलेले जनावर कुणी पाहिले का. भारतातला शेवटचा उद्रेक 1995 मध्ये तमिळनाडूत झाला, 2006 मध्ये भारताला रोगमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले आणि 2011 मध्ये सगळे जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसलेला हा दुसराच रोग.

आणि याच काळात शेळ्यांत तसाच रोग पसरत होता. पीपीआर, म्हणजे शेळ्यांची बुळकांडी, भारतात पहिल्यांदा ओळखली गेली ती 1987 मध्ये तमिळनाडूतल्या अरसूर गावी. कितीतरी ठिकाणी तिला न्यूमोनिया, आंत्रविषार किंवा खुद्द बुळकांडी समजून औषधे दिली गेली. मुक्तेश्वरलाच हिमाचलमधल्या सुंग्री येथील विषाणूपासून लस तयार झाली. कातडीखाली एक मिलिलिटर टोचली की तीन वर्षे संरक्षण. लस उत्तम आहे. प्रश्न उरतो तो कळप आजारी पडण्याआधी खबर मिळण्याचा.

आडवी खबर जगात इतरत्र लवकर आली. अमेरिकेत डेव्हिस येथे पॉल पिऑन आणि डंकन फर्ग्युसन यांनी 1991 मध्येच पशुवैद्यांसाठी संगणकावरचे जाळे उभारले. पैसे भरून सभासद व्हायचे, अवघड रोग्याची माहिती टाकायची, तज्ज्ञांनी उत्तर द्यायचे. धाराशिवच्या डॉक्टरला त्या वेळी एसटीडी बूथवर रांग लावावी लागत होती. पण सप्टेंबर 2016 नंतर स्वस्त डेटा आला आणि दोन-तीन वर्षांत चित्र पालटले. कुणी आदेश काढला नाही की कुणी योजना आखली नाही. बॅचचा गट, तालुक्याचा गट, शेळीपालनावरचा गट, सरकारी आणि खासगी डॉक्टरांचा मिळून गट, असे एकेक करत व्हॉट्सॲपवर सगळे जमत गेले. कोरोनाच्या टाळेबंदीत तर ऑनलाइन व्याख्यानेही डॉक्टरांच्या फोनवर येऊ लागली.

अशा गटावरचा निरोप सहसा रात्री येतो. फोटोत काळ्या शेळीचा ओठ दोन बोटांनी वर उचललेला, हिरडीवर कोंडा शिंपडल्यासारखे पांढुरके चट्टे, डोळ्यांच्या कडांना चिकट घाण. खाली दोन ओळी: ताप 105, हगवण दोन दिवस, कळप तीसचा, दोन मेल्या. मग प्रश्न सुरू होतात. ओठावर बाहेर खपल्या आहेत का? असतील तर मावा असू शकतो. खुरात जखम आहे का? मग लाळ्या खुरकूत बघा. गाभण शेळ्या गाभडल्या का? नवीन जनावरे कधी आणली, कोणत्या बाजारातून? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. त्याचे उत्तर शेजारच्या जिल्ह्यातला बाजार असे आले, की तिथला कुणीतरी त्याच गटावर लिहितो, आमच्याकडेही पाच दिवसांपूर्वी असेच दिसले. बार्शी-धाराशिवमधली ती जुनी सरहद्द इथे उरत नाही.

2022 मध्ये या जाळ्याची कसोटी लागली. लम्पी हा गाईबैलांचा त्वचेचा रोग भारतात 2019 मध्ये ओडिशात दिसला होता. ऑगस्ट 2022 मध्ये तो जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातल्या चिनावलला सापडला आणि पुढे राज्यभर पसरला. अंगभर गाठी, पायांना सूज, दूध आटलेले. सप्टेंबरमध्ये राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले आणि गुरांचे बाजार बंद पडले. शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचायचे ठरले. राज्यातल्या जवळजवळ सगळ्या, म्हणजे 1 कोटी 39 लाखांच्या आसपास गोवंशाला ती द्यायची होती. सरकारने मरणाऱ्या जनावरांसाठी मदत ठरवली: गाईला 30 हजार, बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार रुपये. उपचाराची पद्धत नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी घालून दिली.

ही पद्धत खेड्यातल्या शेवटच्या डॉक्टरपर्यंत पोचली ती पोस्टाने नाही, फोनवर. ज्या जिल्ह्यांत रोग आधी आला तिथल्या डॉक्टरांचा अनुभव पुढच्या जिल्ह्यांना आधीच मिळाला. पण त्याच फोनवर अफवाही फिरल्या. लम्पीच्या काळात दूध पिऊ नका, असे निरोप गावागावांत गेले आणि दूध उत्पादकांना त्याचा फटका बसला. लम्पी माणसाला होत नाही, हे डॉक्टरांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले. गटावरचा खरा माणूस कोण आणि नुसता पुढे ढकलणारा कोण, हे ओळखण्याची जबाबदारी गट चालवणाऱ्यांवर येते. ती त्यांनी गांभीर्याने घ्यायला हवी.

त्याहून मोठी उणीव नोंदीची आहे. सरकारी वाट आता संगणकावर आहे. जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला, ‘भारत पशुधन’ प्रणालीत त्याची माहिती, आणि जून 2024 पासून महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्रीला आणि वाहतुकीला मनाई. फिरत्या पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे. पण गटावर रात्री दहाला ओळखलेली साथ या प्रणालीत आपोआप जात नाही. डॉक्टरची बदली झाली, फोन बदलला, गट बंद पडला, की पाच वर्षांचे अनुभव त्याबरोबर जातात. स्टील यांचे त्रैमासिक अजून ग्रंथालयात सापडते. 2022 च्या लम्पीतले हजारो प्रश्न-उत्तरे सापडणार नाहीत. उदगीर किंवा परभणीच्या महाविद्यालयाने डॉक्टरांच्या संमतीने निवडक रोगी, फोटो आणि निकाल जपायला घेतले, तर मराठवाड्याला स्वतःचा संग्रह मिळेल.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही, कारण पीपीआर 2030 पर्यंत जगातून घालवायचे लक्ष्य आहे. बुळकांडीच्या वेळी रोग नाही हे सिद्ध करावे लागले होते, तसेच आताही करावे लागेल. त्यासाठी फोटो पुरत नाही. हिरडीवर चट्टे असलेल्या प्रत्येक शेळीचा नाकातला स्राव आणि रक्त प्रयोगशाळेत जायला हवे, निकाल यायला हवा, आणि तो ज्याने फोटो टाकला त्या परंड्याच्या किंवा उमरग्याच्या डॉक्टरपर्यंत परत पोचायला हवा.