काळा दगड, पांढरी धूळ

परवा एका ओळखीच्यांच्या नव्या फ्लॅटवर गेलो होतो, कात्रजच्या पुढे. स्वयंपाकघरात एक पोरगा ग्रायंडरने ओट्याचा ग्रॅनाइट कापत होता. शेजाऱ्यांची तक्रार नको म्हणून खिडक्या बंद. पोरगा पापण्यांपर्यंत पांढरा, तोंडाला गमछा. मी म्हटलं, "अरे, पाणी तरी मार." तो हसला. "पाणी मारलं की खालच्या मजल्यावर उतरतं, साहेब. शेठ ओरडतो."

मी तालुक्याच्या गावचा पत्रकार. पुण्याला येणं-जाणं रोजचं. पुण्याच्या इमारतींवर खूप लिहिलं: भाव, एफएसआय, टँकर. या धुळीवर आजवर एक ओळ नाही. म्हणून आज थोडं लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

पुणं दगडावरच उभं आहे. शनिवारवाड्याचा पाया 1730 साली घातला गेला. त्या काळी पाथरवट आणि वडार मंडळी छिन्नी-हातोड्याने उघड्यावर दगड फोडायची. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण म्हणतो. पण ते घाव घालणाऱ्याच्या छातीचं काय होतं, हे आपल्या म्हणीत नाही.

तरी आपल्या काळ्या दगडाची एक मेहेरबानी आहे. बेसॉल्टमध्ये सिलिका जवळपास निम्मी असते, पण ती इतर खनिजांत बांधलेली. मोकळा क्वार्ट्झ कमी. फुप्फुसाला खरा धोका त्या मोकळ्या, स्फटिकरूप सिलिकेचा. याचा अर्थ काळ्या दगडाची धूळ निर्धोक असा नाही. शिवाय या दगडाच्या पोकळ्यांत क्वार्ट्झ सापडतोच. आपल्या वाघोलीच्या खाणींतले स्फटिक तर जगभरचे संग्राहक घेऊन जातात.

पुढे रेल्वे आली. 1856 ते 1863 या काळात बोरघाट फोडला. दोन डझनांवर बोगदे, आणि कामाच्या भरात चाळीस हजारांवर मजूर एका वेळी डोंगरावर. हजारो मेले, त्यात कॉलऱ्याने बरेच. बोगद्याच्या धुळीने पुढे दहा वर्षांनी गावी जाऊन कोण मेलं, याची नोंद कोण ठेवणार? या आजाराची तीच तर खोड आहे. अपघात साइटवर होतो. हा आजार घरी जाऊन होतो.

जगाला हे माहीत नव्हतं असं नाही. इटलीच्या रामाझिनीने 1700 साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. 1870 च्या सुमाराला 'सिलिकोसिस' हे नाव पडलं. 1930 मध्ये जोहान्सबर्गला आंतरराष्ट्रीय परिषद झाली. त्याच सुमारास अमेरिकेत हॉक्स नेस्ट बोगद्यात पाणी न मारता क्वार्ट्झचा खडक फोडला आणि शेकडो कामगार गेले, बहुतेक काळे. आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणीत 1940 च्या दशकात तपासणी झाली, तेव्हा तपासलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त कामगारांना सिलिकोसिस निघाला.

ही धूळ करते काय? डोळ्याला दिसते ती नाकात अडकते. मारते ती न दिसणारी, केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहून बारीक. ती फुप्फुसाच्या तळाशी जाते. शरीराच्या पेशी तिला गिळतात आणि स्वतःच मरतात. तिथे वण पडतात, एकावर एक. फुप्फुस कडक होत जातं. यावर औषध नाही. टीबीचा धोकाही कितीतरी वाढतो. आमच्या गावातला एक फरशीवाला टीबीची औषधं दोनदा पुरी करून आला, तरी दम थांबेना. काय काम करतोस, हे त्याला कुठल्याच दवाखान्यात कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

आता कायद्याकडे बघा. 1948 च्या कारखाने कायद्यात सिलिकोसिस होता. डॉक्टरला आढळला तर कळवणं बंधनकारक होतं. पण तो कारखान्यापुरता. बांधकाम मजुरांसाठी वेगळा केंद्रीय कायदा आला 1996 ला. म्हणजे 48 वर्षांनी. महाराष्ट्राचे नियम 2007 ला, कल्याणकारी मंडळ 2011 ला. आणि 1996 चा कायदा दहा किंवा जास्त मजूर असतील तिथेच लागू होता. फ्लॅटमध्ये ओटा कापणारे दोघे भाऊ? ते मोजणीतच नाहीत. मंडळात नोंदणीला वर्षात 90 दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. कात्रज-वारजेच्या मजूर अड्ड्यावर रोज नवा शेठ शोधणाऱ्याला तो देणार कोण?

दरम्यान काम बदललं. हिंजवडी, मगरपट्टा उभे राहिले, छिन्नी गेली, ग्रायंडर आला. मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे. छिन्नीने ढलप्या पडायच्या, ग्रायंडर पीठ करतो. दगडही बदलला. ग्रॅनाइटमध्ये साधारण पाव ते तिसरा हिस्सा क्वार्ट्झ. हल्ली जाहिरातीत दिसतो तो कृत्रिम 'क्वार्ट्झ'चा ओटा तर नव्वद टक्क्यांपर्यंत सिलिका. ऑस्ट्रेलियाने जुलै 2024 पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडे तो 'प्रीमियम' म्हणून विकला जातो.

बांधकामाच्या धुळीवर हल्ली नियम निघतात, नाही असं नाही. पत्र्याचं उंच कुंपण, हिरवं कापड, फवारे. पण नीट बघा, हे सगळं पत्र्याच्या बाहेरच्यांसाठी. तुमच्या-माझ्यासाठी. पत्र्याच्या आतला माणूस धुळीतच आहे.

राजस्थानने 2019 मध्ये सिलिकोसिसचं स्वतंत्र धोरण केलं. प्रमाणपत्र मिळालं की तीन लाख, मृत्यू झाला तर वारसांना आणखी दोन. पैशाने फुप्फुस परत येत नाही, पण निदान सरकारने आजार मोजला. महाराष्ट्राने का मोजू नये, हा प्रश्न आपल्या आमदाराला विचारा.

तोवर आपल्या हातात काय? पात्यावर पाण्याची धार. कोरडा झाडू नको, ओलं पुसणं. भिंतीत झिऱ्या मारताना ग्रायंडरला व्हॅक्युम. एवढं केल्यावर मग नीट बसणारा एन-95 मास्क. क्रम हाच. गमछा कुठल्याच क्रमात बसत नाही.

त्या दिवशी आम्ही काय केलं ते सांगून थांबतो. घरमालकाने खाली फोन करून सांगितलं, थोडं पाणी उतरेल. बाटलीच्या झाकणाला भोक पाडलं. पोरग्याच्या भावाने धार धरली. धूळ उडालीच नाही म्हणा ना, खाली राखाडी चिखल झाला, तो दोन बादल्यांत भरून गेला. खर्च शून्य. वेळ अर्धा तास जास्त.

तुमच्या घरी ओटा बसवायचा असेल, तर तो अर्धा तास तुम्ही द्या.