कापसाच्या पैशातली बाग

गेल्या वर्षी आमच्या टीममधला मेक्सिकोचा एक सहकारी एका कॉलला चक्क बागेतून बसला. घरचे लाइट गेले होते म्हणे. जळगावात वाढलेल्या माणसाला हे कारण पटवून द्यावं लागत नाही. पण माझं लक्ष त्याच्या मागे होतं. तिथे काहीतरी दगडी दिसत होतं, पायऱ्यापायऱ्यांनी वर गेलेलं, अंगभर कोनाकोनांची नक्षी असलेलं. लेण्यांच्या जवळ राहणाऱ्याच्या सवयीने मी विचारलं, "किती जुनं आहे हे?" तो म्हणाला, "माझ्या आजोबांच्या वयाचं."

त्याचं गाव मेरिदा, युकातान प्रांताची राजधानी. बागेचं नाव 'पार्के दे लास अमेरिकास'. १९४०च्या दशकात तिथल्याच मान्वेल आमाबिलिस नावाच्या वास्तुविशारदाने ती बांधली. हा माणूस पॅरिसमध्ये शिकून आला होता. पण गावी येऊन त्याने उश्माल आणि चिचेन इत्झा इथल्या माया अवशेषांकडे पाहिलं आणि तीच शैली सिमेंटच्या काळात आणली. कारंजं, लतामंडप, उघडं नाट्यगृह, वाचनालय, सगळं माया वळणाचं. अमेरिका खंडातल्या देशांच्या नावांनी तिथे खांब उभे आहेत. हे कुठलं देऊळ किंवा स्मारक नव्हे. संध्याकाळी पोरं सायकली फिरवतात, म्हातारी माणसं बाकावर बसतात. आमचा दोस्त लॅपटॉप उघडून बसतो.

त्या रात्री मी मेरिदाबद्दल वाचत बसलो आणि अडकलो ते धाग्यापाशी. आपल्याकडे बांधावर घायपात असते ना, तिच्याच कुळातली हेनेकेन नावाची वनस्पती युकातानात पिकते. उत्तर अमेरिकेत गव्हाच्या पेंढ्या बांधणारी यंत्रं आली तशी दोऱ्याची मागणी प्रचंड वाढली आणि मेरिदात पैसा धो धो आला. त्या पैशातून मळेवाल्यांनी पासेओ दे मोंतेखो नावाचा रुंद रस्ता केला. त्याच्या दोन्ही बाजूंना वाडे उठले ते फ्रेंच थाटाचे. मळ्यांवर राबणारे बहुतेक माया होते, कर्जात पिढ्यान् पिढ्या बांधलेले. पुढे क्रांती झाली, दोऱ्याचा भाव पडला, १९३७मध्ये मळ्यांच्या जमिनी वाटल्या गेल्या. माया शैलीची बाग आली ती त्याच्यानंतर. म्हणजे हातात पैसा होता तेव्हा गावाला पॅरिस व्हायचं होतं, आणि पैसा गेल्यावर त्याला शेजारचं उश्माल दिसलं.

भाव चढणं, भाव पडणं, शेतात राबणारा एक आणि शहरात बंगला बांधणारा दुसरा. ही गोष्ट खानदेशातल्या माणसाला नवीन नाही. मग वाटलं, आपल्या धाग्यातून कुठली बाग उगवली? जळगावात आठवेना. आठवली ती मुंबईची. एका शनिवारी पुण्याहून मुद्दाम राणीच्या बागेत गेलो.

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत तिथे एकदा गेलो होतो, पण तेव्हा फक्त हत्ती आणि माकडं दिसली होती. या वेळी प्राण्यांकडे पाठ करून इमारती पाहिल्या. भायखळ्याच्या या जागेवर बाग ठरली १८६१ला. १९ नोव्हेंबर १८६२ला गव्हर्नरच्या बायकोच्या, म्हणजे लेडी फ्रियरच्या, हस्ते व्हिक्टोरिया गार्डन उघडलं आणि त्याच दिवशी शेजारच्या संग्रहालयाचा पायाही घातला गेला. विजयी रोमन सेनापतीसाठी असावी तशी तीन दरवाजांची कमान. आत लेडी फ्रियरच्या नावाचं ग्रीक देवळाच्या घाटाचं मंडप. डेव्हिड ससूनच्या देणगीतला, १८६५चा इटालियन धाटणीचा घड्याळाचा मनोरा. आणि संग्रहालय तर बाहेरून इटलीतला एखादा प्रासादच. मुंबईच्या दमट हवेत, चिंचपोकळीच्या गिरण्यांपासून हाकेच्या अंतरावर, अख्खं रोम मांडलेलं.

आता त्या तारखांकडे पाहा. १८६१ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तो हिंदुस्थानातून जाऊ लागला, आणि मुंबई बंदरात येणाऱ्या कापसात खानदेशचा वाटा मोठा होता. रेल्वे खानदेशात पोचली तीही याच दशकात. एक साधं गाव असलेलं जळगाव त्या चार वर्षांत कापसाची मोठी पेठ झालं. मुंबईत पैसा इतका झाला की लोक समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर डोळे मिटून घेऊ लागले. १८६५मध्ये युद्ध संपल्याची खबर आली, कापूस कोसळला, १ जुलैला सौदे पुरे करायची वेळ आली तेव्हा देणारं कोणी उरलं नव्हतं. संग्रहालयासाठी जमवलेली वर्गणीही त्या भोवऱ्यात सापडली. काम रखडलं, सरकारला हात घालावा लागला, आणि दारं उघडली ती १८७२ला. जळगावच्या पेठेलाही तोच दणका बसला, पण पेठ टिकली.

थोडक्यात, राणीच्या बागेतलं रोम आमच्या काळ्या मातीतून गेलेलं आहे. वेचणी करणाऱ्या बायांची बोटं बोंडाच्या टोकदार सालीने कशी सोलवटतात हे मी आजीच्या हातांवर पाहिलंय. त्या कमानीखाली उभं राहून मला तेच हात आठवले. मनात थोडा कडवटपणा आला, नाकारत नाही.

मग संग्रहालयाच्या पाटीवरचं नाव नीट वाचलं. १९७५ला या 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट' संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव दिलं. गोव्यातल्या मांजरे गावचा हा मुलगा ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाला. हे संग्रहालय आणि बाग उभी राहावी म्हणून जगन्नाथ शंकरशेट यांच्याबरोबर खटपट करणाऱ्यांत तो होता. शेअरच्या त्या वादळात तो स्वतःही पार धुऊन निघाला. पण माझ्यासाठी खरी गोष्ट वेगळीच आहे. रोगी तपासून उरलेल्या वेळात हा माणूस दगड वाचायचा. अजिंठ्याचे शिलालेख त्याने वाचून छापले. सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे, तो वाचणाऱ्या पहिल्या लोकांत भाऊ दाजी होते. (पाचव्या शतकातलं हे लेणं. तेव्हा तिकडे माया नगरंही ऐन भरात होती. दोन्हींना एकमेकांचा पत्ता नव्हता.)

आणि पाटण. चाळीसगावपासून जवळ, गौताळ्याच्या डोंगरात पाटणादेवी. माझ्या आईचं माहेर त्याच तालुक्यातलं, त्यामुळे नवरात्रात आम्ही दरवर्षी जायचो. नारळ फोडायचा, धबधब्याकडे जायचं, पुरणपोळी खाऊन परत. तिथल्या देवळात भाऊ दाजींना एक शिलालेख सापडला, शके ११२८चा, म्हणजे साधारण १२०६चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ काढला, त्याची ही नोंद. लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे. पण मठाला बाजारातून काय काय मिळावं हे सांगायची वेळ आली तेव्हा लिहिणारा जुन्या मराठीवर उतरला. हे मला फार आवडतं. बाजाराचा हिशेब लोकांच्या भाषेतच लिहावा लागतो. शून्याने भागल्यावर काय होतं याचा विचार करणाऱ्या माणसाचे ग्रंथ शिकवायची शाळा माझ्या आजोळच्या डोंगरात होती. मी मात्र ते इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना, शून्याने भागून प्रोग्रॅम बंद पाडल्यानंतर कधीतरी वाचलं. शून्य स्वतंत्रपणे शोधणाऱ्यांत मायाही होते. मेरिदाच्या दोस्ताला सांगितलं तर म्हणाला, आम्हालाही शाळेत हे अर्ध्या पानात उरकलं.

त्यामुळे मेरिदाला उगाच डोक्यावर घ्यायचं नाही. पूर्वजांची नक्षी सिमेंटात उतरवणं सोपं. त्या पूर्वजांच्या पोरांना मळ्यावर मिळालेली वागणूक नक्षीने पुसत नाही. आमच्याकडेही अजिंठ्याच्या फर्दापूर फाट्याला लेण्यांच्या प्रतिकृती असलेलं मोठं अभ्यागत केंद्र बांधून झालं, १, २, १६ आणि १७ क्रमांकाची लेणी त्यात पुन्हा उभी केली. बांधकाम भव्य आहे. पण तिथे सायकल फिरवायला कोण जाणार? आमाबिलिसचं मोठेपण मला नक्षीत दिसत नाही. त्याने जुनं वळण रोजच्या बाकाला, वाचनालयाच्या दाराला लावलं, तिथे दिसतं. स्वातंत्र्यानंतर आपण राणीच्या बागेचं काय केलं? वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असं नाव दिलं. १९६५ला फोर्टातला काळा घोडा स्वारासकट आणून इथे ठेवला. २०१६ला पेंग्विन आले. पाटी बदलली, कमान तीच राहिली. अर्थात कमान पाडावी असं मी अजिबात म्हणत नाही. आता तीही दीडशे वर्षांची, आपलीच झालेली. पण जळगावात उद्या एखादी नवी बाग होईल तेव्हा बाकावर चांगदेवाच्या त्या मराठी ओळी कोरायला काय हरकत आहे? भाऊंच्या उद्यानासमोरचा चौक आपण एका मासिकाच्या नावाने ओळखतो, काव्यरत्नावली चौक. जे गाव १८८७ला फक्त कवितेचं मासिक काढू शकतं, त्याला हे अवघड नाही.

निघताना संग्रहालयाबाहेरच्या दगडी हत्तीपाशी थांबलो. घारापुरीचा हा हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ला त्याला इंग्लंडला न्यायचा बेत होता. उचलताना तो पडला, तुकडे झाले, आणि तुटला म्हणूनच इथे राहिला. १९१४ला ते तुकडे जोडून त्याला पुन्हा उभं केलं. सांधे अजून दिसतात. एक पोरगं त्याच्यावर चढायला बघत होतं आणि त्याची आई त्याला पेंग्विनकडे ओढत होती.

रात्री आजीला फोन केला. बाग पाहायला मुंबईला गेलो होतो म्हटल्यावर ती म्हणाली, "तठे देखाले काय शे?"

म्हटलं, आपला कापूस.

"आते काय भाव शे?" तिने विचारलं.